बंध ऊर्जांवरून उष्णतेचा अंदाज आणि पेरॉक्साइडचा पेला : प्रकल्प नोंदी

२८ जून

अकरावीच्या वर्गात बंध ऊर्जांची, म्हणजे अणूंमधील बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जांची, उदाहरणे दरवर्षी सोडवून घेतली जातात, उणे चिन्हासह (म्हणजे उष्णता बाहेर पडते असे) उत्तर येते आणि वही मिटते. ते उत्तर मोजलेल्या उष्णतेच्या किती जवळ जाते, हे मात्र प्रयोगशाळेत सहसा पाहिले जात नाही. ठाण्यात नौपाड्यातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात यंदा हे काम अकरावीच्या काही मुलांना सोबत घेऊन करायचे ठरवले आहे. आधी कागदावर अंदाज, मग पेल्यात मोजणी आणि शेवटी दोन्हींमधील अंतराचा हिशेब, असा क्रम असेल. इतर शिक्षकांना हाच प्रयोग करता यावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

पहिला प्रश्न अभिक्रिया निवडण्याचा होता. पुस्तकातील आवडती उदाहरणे शाळेच्या टेबलावर येण्यासारखी नाहीत. हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे मिश्रण उन्हात स्फोटाने पेटते आणि अमोनिया तयार करण्यासाठी लोहाचा उत्प्रेरक व प्रचंड दाब लागतो. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवण्याचा प्रयोग सोपा आहे, पण निम्मी उष्णता डब्याच्या कडेने हवेत निघून जाते आणि मग मोजणी चुकली की अंदाज, हेच कळत नाही. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन निवडले. दोन पेरॉक्साइड रेणूंपासून दोन पाण्याचे रेणू आणि एक ऑक्सिजनचा रेणू तयार होतो. सगळी उष्णता द्रावणातच निर्माण होते आणि बाटली औषधाच्या दुकानात मिळते.

या निवडीमागे आणखी एक कारण आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. पेरॉक्साइडमधील ऑक्सिजन–हायड्रोजन बंध पाण्यातही तेवढेच राहतात. हिशेबात उरतात ते फक्त ऑक्सिजनचे आपापसातील बंध. दोन एकेरी तुटतात, एक दुहेरी बनतो. बेरजा लहान राहिल्या की त्यांच्या वजाबाकीत शिरणारी चूकही लहान राहते.

१ जुलै

आज फक्त कागदाचे काम केले. मुलांचे दोन गट करून प्रत्येकाला बंध ऊर्जांचा तक्ता स्वतः शोधून आणायला सांगितले होते. दोन्ही गटांनी ऑक्सिजनच्या दुहेरी बंधासाठी ४९८ किलोज्यूल प्रति मोल हाच आकडा घेतला, म्हणजे एका मोल पेरॉक्साइडमागे त्याचा अर्धा, २४९. एकेरी बंधासाठी मात्र एका गटाकडे १४४ होते आणि दुसऱ्याकडे २१४. तुटणाऱ्या बंधांतून बनणारे वजा केले की पहिल्या गटाचे उत्तर आले उणे १०५, दुसऱ्याचे उणे ३५. एकाच अभिक्रियेची दोन उत्तरे, आणि एक दुसऱ्याच्या तिप्पट!

दुसऱ्या गटातील मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, आमचा आकडा खोटा नाही, तो नीट मोजलेला आहे.’’ तिचे म्हणणे बरोबर होते. पेरॉक्साइडचा रेणू मधोमध तोडून हायड्रॉक्सिलचे (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन) दोन सुटे तुकडे, म्हणजे मूलक, करायला खरोखर सुमारे २१४ किलोज्यूल लागतात. फरक इतकाच की हा एका विशिष्ट रेणूतील विशिष्ट बंध तोडण्याचा आकडा आहे आणि १४४ हा सरासरी बंध ऊर्जांच्या संचातील आकडा आहे. संचातील आकडे एकमेकांशी जुळवून ठरवलेले असतात, त्यामुळे त्यांतील एक काढून त्या जागी दुसऱ्या प्रकारचा आकडा बसवला की सगळा हिशेब ढासळतो.

ते फळ्यावर असे सिद्ध केले. पाण्याच्या रेणूतील पहिला हायड्रोजन काढायला सुमारे ४९८ किलोज्यूल लागतात आणि उरलेल्या हायड्रॉक्सिलमधील दुसरा काढायला सुमारे ४२८. दोन्हींची बेरीज ९२६ आणि तिची सरासरी ४६३. तक्त्यात ऑक्सिजन–हायड्रोजन बंधापुढे असते ती हीच संख्या. आता पेरॉक्साइड पूर्णपणे अणूंमध्ये विस्कटायचे ठरवले, तर आधी २१४ आणि नंतर दोन हायड्रॉक्सिलचे प्रत्येकी ४२८, असे एकूण १०७० लागतात. त्यातून सरासरी हिशेबाने दोन ऑक्सिजन–हायड्रोजन बंधांचे ९२६ वजा केले की एकेरी बंधाच्या वाट्याला १४४ उरतात. १४४ चा अर्थ ४६३ सोबत असतानाच आहे आणि २१४ चा अर्थ ४२८ सोबत असताना. हे स्पष्टीकरण जवळपास पूर्ण तासिका घेऊन गेले, पण माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत उपयोगी भाग हाच होता.

इतर तक्ते चाळले तेव्हा या बंधाला १३८ पासून १४६ पर्यंतचे आकडे दिसले. त्यामुळे अंदाज उणे १११ ते उणे १०३ असा हलतो. पुढील कामासाठी १४४ कायम केला आणि एकाच छापील तक्त्याची झेरॉक्स सगळ्यांना दिली. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी पहिल्याच दिवशी हे करावे.

५ जुलै

साहित्याची जमवाजमव केली. जुन्या प्रयोगपुस्तिकांत उष्मामापी, म्हणजे उष्णता मोजण्याचे भांडे, म्हणून थर्मोकोलचा पेला सांगितलेला असतो. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीपासून असे एकदा वापरून टाकायचे पेले विक्रीस नाहीत. जांभळी नाक्यावर कागदी पेले मिळाले. एका औषध दुकानदाराने थंड ठेवायच्या औषधांची थर्मोकोलची रिकामी पेटी फुकट दिली. पेटीच्या आत पेला बसेल एवढी जागा कोरून उरलेल्या फटीत कापूस भरला. आमच्या प्रयोगशाळेतील काकांनी घट्ट झाकणाचा स्टीलचा थर्मास सुचवला होता. तो घेतला नाही, कारण या अभिक्रियेत ऑक्सिजन बाहेर पडतो आणि बंद भांड्यात दाब वाढतो. पेल्यावर पुठ्ठ्याचे सैल झाकण ठेवले असून त्याला तापमापकासाठी भोक आहे.

पेरॉक्साइडची आयपी (भारतीय औषधसंहितेच्या) दर्जाची बाटली, २० व्हॉल्यूमची, म्हणजे सुमारे ६ टक्के. एक लिटर द्रावणातून २० लिटर ऑक्सिजन निघतो असा त्या शब्दांचा अर्थ आहे. त्यावरून हिशेब केला की संहती, म्हणजे द्रावणातील पेरॉक्साइडचे प्रमाण, १.७६ ते १.७९ मोल प्रति लिटरच्या दरम्यान येते. टोकदार शलाकेचा डिजिटल तापमापक हा सर्वांत मोठा खर्च ठरला. पेले, पेरॉक्साइड, यीस्ट आणि तापमापक मिळून खर्च सहाशे रुपयांच्या आत राहिला.

एका मुलाच्या ओळखीत भिवंडीच्या कापड प्रक्रिया कारखान्यातून ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड मिळण्यासारखे होते. ते आणू दिले नाही आणि इतरांनीही आणू नये. एवढ्या तीव्र द्रावणात उत्प्रेरक पडला तर पाणी उकळते, गरम द्रावण आणि वाफ उसळते, आणि त्वचेला व डोळ्यांना होणारी इजा गंभीर असते. ६ टक्क्यांच्या द्रावणासाठीसुद्धा सगळ्यांना चष्मे बंधनकारक केले आहेत.

९ जुलै

उत्प्रेरक म्हणून बेकरीच्या सामानाच्या दुकानातील सुके यीस्ट घेतले. त्यातील कॅटलेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइड झपाट्याने फोडते. बाटलीतील ६ टक्क्यांचे द्रावण तसेच वापरले आणि दोन अडचणी एकदम समोर आल्या. पहिली फेसाची. फेस पेल्याच्या काठावरून कापसात उतरला आणि त्यासोबत गरम द्रावणही गेले, म्हणजे उष्णता आणि वस्तुमान दोन्ही हिशेबाबाहेर पडले. दुसरी अडचण अधिक खोल होती. तापमान पन्नाशीच्या पुढे गेले आणि अभिक्रिया मंदावत थांबली. पेल्यातील द्रावणात पुन्हा ताजे यीस्ट टाकले तर बुडबुडे नव्याने सुरू झाले. विकर उष्णतेने निकामी झाले होते आणि पेरॉक्साइड शिल्लक राहिले होते. अशा मोजणीवरून काढलेला आकडा खऱ्यापेक्षा नेहमी कमीच येणार.

कापूस बदलावा लागला, पेटी वाळवावी लागली आणि पावसाळी दमट हवेत त्यात जवळजवळ आठवडा गेला.

१६ जुलै

दोन बदल केले. पेरॉक्साइड समान आकारमानाच्या पाण्याने सौम्य करून ३ टक्क्यांवर आणले आणि यीस्टऐवजी प्रयोगशाळेच्या कपाटातील मँगनीज डायऑक्साइडची चिमूट वापरली. फेस जवळजवळ गेला, आणि तापमान वाढीमुळे हा उत्प्रेरक निकामी होत नाही. जुन्या टॉर्चच्या सेलमधील काळी भुकटी वापरण्याची सूचना आली होती, परंतु तिच्यात कार्बन आणि इतर क्षार मिसळलेले असतात, म्हणून ती टाळली.

१०० मिलिलिटर द्रावण, सुरुवातीचे तापमान २८ अंश, वाढ १३.३ अंश. बाटलीवरील आकडा खरा मानून एका मोलमागे ६७ किलोज्यूल आले. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला की बंध ऊर्जांची पद्धत निरुपयोगी आहे. तो निष्कर्ष वहीत लिहू दिला नाही, कारण उष्णतेला ज्या मोलसंख्येने भागले त्या भाजकाची खातरजमा झालेली नव्हती. पेल्यात नेमके किती मोल पेरॉक्साइड आहे हे आम्ही लेबलवरून धरले होते आणि ती बाटली मे महिन्यापासून उघडलेली होती.

१९ जुलै

पेरॉक्साइडचे नेमके प्रमाण काढण्यासाठी परमँगनेटचे अनुमापन केले, म्हणजे ते संपवायला ज्ञात संहतीचे परमँगनेट किती लागते ते मोजले. मुलांना ऑक्झॅलिक आम्लासोबतचे हे अनुमापन पुढे करायचेच असते, त्यामुळे सराव आपोआप झाला. दोन मोल परमँगनेट पाच मोल पेरॉक्साइडशी अभिक्रिया करते; आम्ल सौम्य सल्फ्युरिकच घ्यावे, कारण हायड्रोक्लोरिक घेतले तर परमँगनेट त्यातील क्लोराइडवरही खर्च होते. उघड्या बाटलीतील संहती १.७६ ऐवजी १.३० निघाली. नवी सीलबंद बाटली आणून तिचेही अनुमापन केले. निम्मे सौम्य केलेले द्रावण आणखी दहापट सौम्य करून त्यातील १० मिलिलिटरला ०.०२ मोलर परमँगनेट १७.२ मिलिलिटर लागले. त्यावरून पेल्यातील द्रावणाची संहती ०.८६ मोल प्रति लिटर ठरते.

१६ तारखेच्या मोजणीत खरे मोल घातले तर ६७ चे ९१ होतात. तापमापक बरोबर होता, अंदाजही बरोबर होता. लेबल तेवढे जुने झाले होते. या प्रयोगात अनुमापनाचा भाग वेळ वाचवण्यासाठी कोणी गाळू नये. तो गाळला तर बाकी कितीही काळजी घेतली तरी उत्तराला अर्थ राहत नाही.

२३ जुलै

पेला आणि तापमापक स्वतः किती उष्णता घेतात ते काढले. पेल्यात ५० मिलिलिटर पाणी २८ अंशांवर होते, त्यात ५० अंशांचे तेवढेच पाणी ओतले. कुठेही काही गेले नसते तर तापमान ३९.० झाले असते, ते ३८.४ झाले. त्यावरून पेल्याची उष्णताधारकता (एक अंश तापायला लागणारी उष्णता) सुमारे २४ ज्यूल प्रति अंश येते. कागदी पेल्याच्या मानाने ही किंमत जास्त वाटते; ओला होणारा कापूस आणि तापमापकाची धातूची शलाका यांचा तो वाटा असावा.

मग सीलबंद बाटलीतील द्रावणावर मुख्य मोजणी केली. अभिक्रिया काही मिनिटे चालते आणि तेवढ्या वेळात पेला थंडही होत असतो, म्हणून दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवले आणि आलेखातील थंड होण्याची उतरती रेषा सुरुवातीच्या क्षणापर्यंत मागे वाढवली. दुरुस्त केलेली वाढ १७.६ अंश. द्रावण १०१ ग्रॅम, त्याची उष्णताधारकता ४२२ ज्यूल प्रति अंश, पेल्याची २४ धरून ४४६. गुणाकार सुमारे ७८५० ज्यूल. त्याला ०.०८६ मोलने भागले की ९१ किलोज्यूल प्रति मोल.

पंखे बंद ठेवणे आवश्यक आहे. खिडकीजवळचे टेबल आणि भिंतीजवळचे टेबल यांवरील मोजण्यांत एका किलोज्यूलपेक्षा जास्त फरक येत होता.

३० जुलै

कागदावर १०५, पेल्यात ९१. चौदा किलोज्यूल गेले कुठे, हा आजचा विषय.

बंध ऊर्जांचे सर्व आकडे वायुरूप रेणूंचे असतात, ही ओळ पुस्तकात असते आणि वाचली जात नाही. आमच्या पेल्यात पेरॉक्साइड पाण्यात विरघळलेले आहे आणि तयार होणारे पाणी द्रवरूप आहे. म्हणून वायूपासून पेल्यापर्यंतचा रस्ता पायरी पायरीने चालावा लागतो. एकूण उष्णता मार्गावर अवलंबून नसते, या हेसने १८४० मध्ये मांडलेल्या नियमाने तशी मुभा दिलेली आहे. द्रव पेरॉक्साइडचे बाष्पन करायला सुमारे ५१.५ किलोज्यूल घालावे लागतात. पाण्याची वाफ द्रव झाली की ४४ परत मिळतात. उणे १०५ मध्ये हे दोन्ही मिळवले की उणे ९७.५. शुद्ध द्रव पेरॉक्साइडच्या विघटनाचा मान्य आकडा उणे ९८ आहे. आता पेरॉक्साइड पाण्यात विरघळताना सुमारे ३.४ किलोज्यूल आधीच बाहेर पडलेले असतात, ते विघटनाच्या वेळी मिळत नाहीत, म्हणून उणे ९४. जलीय द्रावणासाठी निर्मिती एन्थाल्पींवरून (मूलद्रव्यांपासून संयुग बनतानाच्या उष्णतेच्या आकड्यांवरून) काढलेला आकडाही उणे ९४.६ आहे.

राहिलेल्या तीन किलोज्यूलपैकी निम्म्याचा हिशेब लागतो. बाहेर पडणारा ऑक्सिजन कोरडा नसतो. पेल्यातून सुमारे एक लिटर वायू जातो आणि ३८ अंशांच्या सरासरी तापमानाला तो सोबत पाण्याची वाफ नेतो. त्या वाफेची उष्णता धरली तर एका मोलमागे सुमारे दीड किलोज्यूल भरते. उरलेले दीड किलोज्यूल आमच्या साधनांच्या अचूकतेच्या मर्यादेत आहेत, त्यांचा पाठपुरावा करणार नाही.

एवढा मेळ बसलेला पाहून मुले हरखून गेली. मलाही मनापासून आनंद झाला, कारण तक्त्यातील एका ओळीपासून पेल्यातील तापमानापर्यंत सलग रस्ता तयार झाला होता.

६ ऑगस्ट

तीच पद्धत ज्वलनाला लावून पाहिली, या वेळी फक्त कागदावर आणि मान्य आकड्यांशी तुलना करून. मिथेनच्या बाबतीत कार्बन–हायड्रोजन ४१३, कार्बन डायऑक्साइडमधील कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध ७९९ आणि पाण्यातील बंध ४६३ धरले की तुटणाऱ्या बंधांची बेरीज २६४८ आणि बनणाऱ्यांची ३४५०. उत्तर उणे ८०२, पाणी वाफेच्या रूपात असतानाच्या मान्य आकड्याइतकेच. एका मुलाने मात्र दुहेरी बंधासाठी ७४५ घेतले होते. तो कीटोनसारख्या संयुगांतील सरासरी आकडा आहे. त्याने उत्तर उणे ६९४ वर घसरते. कार्बन डायऑक्साइडमधील बंध त्याहून बराच बळकट आहे, म्हणून चांगल्या तक्त्यांत त्याची वेगळी ओळ असते.

इथेनॉलच्या हिशेबाने मला सावध केले. तुटणारे बंध ४७२७, बनणारे ५९७४, उत्तर उणे १२४७. मान्य ज्वलन एन्थाल्पी (ज्वलनाची उष्णता) उणे १३६७ आहे, त्यात पाणी द्रवरूप असते. तीन मोल पाण्याचे १३२ कमी केले की उणे १२३५. अंदाज आणि खरा आकडा यांत बाराचाच फरक, म्हणून दोन गटांनी हिशेब तिथेच थांबवला. परंतु इथेनॉल अजून द्रवच होते. त्याचे बाष्पन धरून दोन्ही बाजू वायुरूप केल्या तर खरा आकडा उणे १२७७ होतो आणि अंदाज तीस किलोज्यूलने मागे पडतो. अर्धी दुरुस्ती केल्यामुळे दोन विरुद्ध तफावती एकमेकांत मुरल्या होत्या. म्हणून आमच्या नोंदपत्रकात आता प्रत्येक पदार्थापुढे त्याची अवस्था लिहिण्याचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय वजाबाकी करायची नाही असे ठरवले आहे.

तीस किलोज्यूल म्हणजे दोन-अडीच टक्के, हे वाईट नाही. पण ते पाच हजारांच्या घरातील बेरजांमधून आलेले आहेत. त्या बेरजांपैकी एकीत एक टक्क्याची चूक झाली तरी उत्तर पन्नासने हलते. पेरॉक्साइडच्या हिशेबात बेरजाच एवढ्या लहान होत्या की असा धोका नव्हता.

१३ ऑगस्ट

ही पद्धत कुठे चालत नाही ते पाहण्यासाठी आजची तासिका ठेवली होती. प्रोपेन–१–ऑल आणि प्रोपेन–२–ऑल यांत बंध तेच आणि तेवढेच आहेत, म्हणून दोघांसाठी अंदाज एकच, उणे १८५१. वायुरूपातील खरे आकडे सुमारे उणे १८९३ आणि उणे १८७५ आहेत. दुसऱ्या कार्बनवर बसलेला हायड्रॉक्सिल गट रेणूला थोडा अधिक स्थिर करतो आणि बंध मोजून ते कळत नाही.

बेंझीनच्या बाबतीत तफावत दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही. एका दुहेरी बंधाच्या हायड्रोजनीकरणाचा (त्यावर हायड्रोजन जोडण्याचा) अंदाज उणे १२३ येतो. एथीनसाठी खरा आकडा सुमारे उणे १३७ आहे. बेंझीनमध्ये तीन सुटे दुहेरी बंध धरले तर उणे ३६९ यायला हवेत. मोजलेला आकडा सुमारे उणे २०६ आहे. दीडशेहून अधिक किलोज्यूलची ही तूट संस्पंदनामुळे, म्हणजे इलेक्ट्रॉन संपूर्ण कड्यावर पसरल्यामुळे, मिळालेल्या स्थैर्याची आहे आणि सरासरी बंध ऊर्जांच्या तक्त्यात तिला जागाच नाही. मुलांपैकी एकाने विचारले की मग सायक्लोप्रोपेनचे (तीन कार्बनच्या कड्याचे) काय. तिथे उलट घडते: वाकवलेल्या बंधांमुळे रेणूत सुमारे ११५ किलोज्यूलचा ताण साठलेला असतो आणि ज्वलनात अंदाजापेक्षा जास्त उष्णता मिळते.

पुढच्या तुकडीसाठी काकांच्या मदतीने पेट्यांचे चार संच तयार करून ठेवले आहेत. पेरॉक्साइडची बाटली प्रयोगाच्या आठवड्यातच आणायची, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची आणि अनुमापन त्याच दिवशी करायचे. वापरलेले मँगनीज डायऑक्साइड गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा बाटलीत भरले आहे. ते खर्च झालेले नाही आणि पुन्हा तितकेच चांगले काम करते.